आईच्या खुर्चीची शिवण

प्रिय धाकट्या,

तुझ्या भाऊजींच्या कारखान्यातले फोरमन सुट्टीवर घरी निघाले आहेत, त्यांच्या हाती हे पत्र देते आहे. पाकीट तुझ्याच हातात द्यायचं, दारात टाकून यायचं नाही, असं त्यांना बजावून सांगितलं आहे. तू फोन उचलत नाहीस. निरोप पाठवला तर तो वाचल्याची खूण दिसते आणि पुढे सगळं गप्प. म्हणून कागद घेऊन बसले. लिहायची सवय मोडली आहे, अक्षर लागलं नाही तर सावकाश वाच, पण शेवटपर्यंत वाच. कंटाळा आला की मध्येच सोडून उठण्याची तुझी खोड मला ठाऊक आहे.

आईची तब्येत ठीक आहे. हे आधी लिहिते, कारण तुला सगळ्यांत आधी तेच हवं असेल असं मला अजूनही वाटतं. रक्तदाबाची गोळी वेळेवर मिळते. गुडघे होते तसेच आहेत. जेवण बेताचं झालं आहे, पण ते तिचं आधीपासूनच बेताचं. झोप लागत नाही म्हणते. तिचं उशीचं वेड तुला माहीत आहे, दुसऱ्याच्या उशीवर तिला कधी डोळा लागला आहे?

ती आली त्या दिवसापासून सांगते. विमानतळावर आम्ही दोघं कठड्याला टेकून उभे होतो आणि माझं लक्ष दारातून चालत येणाऱ्या माणसांकडे. आई खुर्चीतून येईल हे तू फोनवर सांगितलं होतंस, तरी माझे डोळे तिला चालतानाच शोधत होते. एक गणवेशातली मुलगी चाकाची खुर्ची ढकलत बाहेर आली आणि तीत अंग चोरून कुणी म्हातारी बसलेली. ती आपली आई आहे हे मला भाऊजींनी सांगितलं. खुर्ची नवी कोरी, काळं रेक्झिन, चकचकीत दांडे. मला खरंच भरून आलं. म्हटलं, ज्यानं आईला कधी चपलेचा जोड आणला नाही, त्यानं एवढी खुर्ची आणली. आईच्या मागे भिंतीवर तो लाल अक्षरांचा फलक होता. इथे उतरणाऱ्या प्रत्येकाला तो दिसतोच. तसाच कागद आमच्या लिफ्टमध्येही आहे, कचऱ्याच्या वेळांच्या खाली : अमली पदार्थ किती वजनाचा सापडला तर किती वर्षं, आणि कितीच्या पुढे फाशी. हवामानाचा अंदाज वाचावा तसा आम्ही तो रोज वाचतो. त्या दिवशीही वाचला. आई शेजारी खुर्चीत बसली होती.

घरात आल्याबरोबर ती खुर्चीतून उठली आणि तरातरा स्वयंपाकघरात गेली. मी बघतच राहिले. म्हटलं, अगं, तू तर चालतेस. तर म्हणाली, "चालते तर. न चालायला काय झालंय? त्यानं सांगितलं, तिथे रांगा लांब असतात, खुर्चीतच बसायचं. कुणी कितीही म्हणालं तरी उठायचं नाही." मग हसून म्हणाली, "मला सगळ्यांच्या आधी सोडलं. तपासणीवाल्यानं तर मलाच नमस्कार केला." मी पण हसले. पण धाकट्या, ते "कुणी कितीही म्हणालं तरी" माझ्या कानात राहून गेलं. लांब रांगेची काळजी असलेला माणूस असं सांगत नाही.

मग तुझे फोन. दोन दोन महिने तुझा आवाज ऐकू येत नसे, आणि आता रोज. पहिल्या दिवशी विचारलंस, खुर्ची नीट पोचली का. दुसऱ्या दिवशी, खुर्ची कुठे ठेवली आहेस. गॅलरीत ठेवली म्हटल्यावर केवढ्यानं ओरडलास, उन्हात ठेवू नको, रेक्झिन तडकतं. मला हसू आलं. दिवसभर मी गाड्यांच्या सीट शिवते, आणि रेक्झिनचं तू मला सांगतोस. तुला चिडवणार होते, पण मनात आलं की इतक्या फोनांत तू एकदाही आईला बोलव म्हणाला नाहीस. ती माझ्या शेजारी उभी असायची, हात पुढे करून. तू फोन ठेवलास की मीच काहीबाही सांगायचे, घाईत होता, गिऱ्हाईक आलं होतं. ती मान हलवायची. तिला ते पटायचं की ती मला पटू देत होती, हे मला आजही सांगता येत नाही.

पुढे तू म्हणालास की त्या खुर्चीच्या गादीत खोट निघाली आहे, इथल्या कंपनीचा माणूस पुढच्या आठवड्यात घरी येऊन गादी बदलून देईल, तोवर कुणी हात लावू नका. तुझे भाऊजी म्हणाले, वा, सेवा असावी तर अशी. एकदा मनात किडा शिरला की तो घरातल्या कुणालाच सोडत नाही बघ. मला एकदम आठवलं की विमानतळावर खुर्ची गाडीत चढवताना यांनी मला हात लावू दिला नव्हता, मीच उचलतो म्हणाले होते. तेव्हा मला ती माया वाटली होती. आता मी त्यांच्याकडे चोरून बघायला लागले. ते फोनवर हळू बोलले की मी भांडी घासायची थांबायचे. आंघोळीला गेले की त्यांचा फोन हातात घेऊन परत ठेवायचे. इतक्या वर्षांच्या संसारात मी हे कधी केलं नव्हतं. माझ्या कंबरेत मागे लचक भरली होती म्हणून त्यांनी मला वजन उचलू दिलं नव्हतं, एवढीच गोष्ट होती. पण तेव्हा मला कशातच एवढीच गोष्ट दिसत नव्हती.

सुट्टीच्या दिवशी दुपारी ते आईला खाली बागेत फिरवायला घेऊन गेले, आणि मी गॅलरीचं दार लावून ती गादी मांडीवर घेतली. उचलताच कळलं. फोमची गादी इतकी जड नसते आणि दाबल्यावर अशी मुकाट राहत नाही. वरून डांबरगोळ्यांचा वास मारत होता. तिन्ही बाजूंना मशीनची शिवण होती, आणि मागच्या बाजूला, जिथे कुणाची नजर जात नाही, तिथे हाताची. अर्धगोल सुईनं घातलेले बारीक, एकसारखे टाके. सुरेख काम. आणि सगळे टाके उलट्या अंगाला कललेले.

बाबांचं दुकान आठवतं तुला? दोन सोफे मांडले की पाय ठेवायला जागा उरायची नाही असली ती खोली, त्यात काथ्याची धूळ आणि बाबांच्या खोकल्याचा आवाज. शाळेतून आलो की आपण दोघं खाली बसून गाद्यांची तोंडं शिवायचो. तू डावरा. बाबांनी आधी तुला उजव्या हाताची सवय लावायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला. म्हणाले, टाका घट्ट बसतोय ना, मग हात कुठला का असेना. डोळे मिटून शिवणीवरून अंगठा फिरवायचे आणि सांगायचे, ही ताईची, ही धाकट्याची. आम्हा सगळ्यांचा टाका एकीकडे झुकायचा, तुझा दुसरीकडे. मी त्या गादीवरून अंगठा फिरवला, धाकट्या. डोळे मिटायची गरज पडली नाही.

तोवर मी मनाची समजूत घालत होते की तुला कुणीतरी फसवलं असेल. कुणी तयार खुर्ची तुझ्या गळ्यात मारली असेल, तू भोळेपणानं आईला दिली असशील. तशा लोकांत तुझं उठणं-बसणं आहे हे मला कानोकानी कळलं होतंच. पण ती शिवण बघितल्यावर समजूत घालायला जागाच राहिली नाही. मी चार बोटं उसवलं. आत प्लास्टिकात गुंडाळलेल्या चपट्या वड्या होत्या, विटेसारख्या दाबून बसवलेल्या. एकीचा कोपरा फाडला. हिरवट, चिकट, आणि तो वास. बाबांच्या दुकानामागच्या पडक्या गोडाऊनमध्ये जी टोळकी बसायची, त्यांच्या अंगाला यायचा तोच. गांजा. लिफ्टमधला कागद डोळ्यांसमोर आला. मला वजन करायची गरज नव्हती, मांडीवर जेवढं होतं ते त्या कागदाच्या शेवटच्या ओळीच्या कितीतरी पुढे गेलं होतं. आणि एकच गोष्ट डोक्यात घुमत होती : तू आपल्या आईला यावर बसवलंस. आमच्याकडे येते म्हणून जिनं शेजारणींना सांगून सांगून वैताग आणला असेल, तिला.

मी काय करायला हवं होतं? हे मी रोज स्वतःला विचारते. सगळं पाण्यात सोडायचं, पोलिसांकडे जायचं, निदान यांना तरी सांगायचं. मी यातलं काहीच केलं नाही. कोपरा चिकटपट्टीनं बंद केला, उसवलेली चार बोटं शिवली, गादी खुर्चीवर ठेवली आणि तुला फोन लावला. मला तुला एक संधी द्यायची होती. ताई, चूक झाली, एवढं तू म्हणाला असतास तर पुढचं आपण दोघांनी मिळून निस्तरलं असतं. मी विचारलं, "गादीत काय भरलंय रे?" तुझ्याकडचा टीव्ही ऐकू येत होता. मग म्हणालास, "फोम. दुसरं काय असणार?" मी विचारलं, "तू शिवलीस?" तर म्हणालास, "छे, रेडीमेड आहे." आणि मग, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, विचारलंस, "आई कशी आहे?"

कंपनीचा माणूस पुढच्या आठवड्यात येणार होता. तो दुसऱ्याच दिवशी सकाळी आला. हा योगायोग होता असं तू म्हणशील.

हे कामावर गेले होते. मी अंग दुखतंय म्हणून घरी राहिले होते, कारण आईला त्या खुर्चीबरोबर एकटं ठेवायचं मला धैर्य नव्हतं. माणूस चष्मेवाला, इस्त्रीचा शर्ट, हातात अवजारांची बॅग. बूट काढायला नकोत म्हणून त्यांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या, इतका सभ्य. त्यानं ब्रेककडे पाहिलं नाही की चाकाला हात लावला नाही. आई नेमकी खुर्चीत बसली होती. एरवी ती तीत कधी बसायची नाही, त्या दिवशी बेल वाजली तशी जाऊन बसली होती. तो इथल्या भाषेत म्हणाला, आजींना जरा उठायला सांगा. मी सांगितलं. आई उठेना. माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "उठू का मी? तू सांग." मी म्हटलं, उठ. त्यानं गादी काढली, तसल्याच रंगाची दुसरी बसवली, वाकून आभार मानले आणि गेला. तुला खोटं वाटेल, पण दार लावल्यावर मला हायसं वाटलं. म्हटलं, गेली पीडा. आता यातलं कुणाला काही कळायला नको.

लिफ्ट खाली गेली आणि तशीच वर आली. दारात तोच माणूस होता, चष्मा नव्हता, हात मागे बांधलेले. त्याच्या दोन्ही बाजूंना पोलीस, आणि पुढे एक अधिकारीबाई, तिच्या हातात पारदर्शक पिशवीत आपली गादी. ते कितीतरी दिवसांपासून त्याच्या मागावर होते, आमच्या नव्हे. हे मला नंतर कळलं. तिनं शांतपणे विचारलं, ही कुणाची?

मी तोंड उघडलं होतं. काय बोलणार होते ते देवालाच ठाऊक. आईला इथल्या भाषेतलं अवाक्षर कळत नाही, पण तिनं त्या बाईचं बोट बघितलं, गादी बघितली आणि माझ्या आधी म्हणाली, "माझी आहे. मीच भरली, मीच शिवली. लेकीला आणि जावयाला यातलं काही माहीत नाही." अधिकारीबाई माझ्याकडे बघायला लागली. दुभाषा यायचा होता. आई म्हणाली, "सांग त्यांना. जसंच्या तसं सांग." आणि धाकट्या, मी सांगितलं. आपल्या आईचं खोटं मी माझ्या तोंडानं, व्याकरणाची एक चूक न करता, त्यांच्या भाषेत सांगितलं.

ती खुर्चीत बसायला तयार नव्हती. चप्पल घालू दे म्हणाली, पदर सारखा केला आणि स्वतःच्या पायांनी लिफ्टपर्यंत गेली.

तर आई माझ्याकडे नाही. ती इथल्या तुरुंगाच्या दवाखान्याच्या खोलीत आहे. गोळी वेळेवर मिळते असं लिहिलं ते खरं आहे, ती तिथली नर्स देते. मला भेटायला देतात, मध्ये काच असते आणि बोलायला फोन. चौकशीत त्या अधिकारीबाईनं तिच्यासमोर सुई-दोरा ठेवला आणि म्हणाली, शिवून दाखवा. आईला सुईत दोरा ओवता आला नाही. तिची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया तू पुढे ढकलत आलास ना, मग कसा ओवता येईल? बाईला कळून चुकलं की म्हातारी कुणाला तरी पाठीशी घालते आहे. पण कायद्याला तेवढ्याचा उपयोग नाही. ज्याच्या ताब्यात माल, तो गुन्हेगार. "मला माहीत नव्हतं" हे सिद्ध करायचं तेही त्यानंच. आणि आई तर "मला माहीत होतं" असं सांगून बसली आहे. आता त्यांचा तज्ज्ञ ती शिवण तपासतो आहे. तिच्यात दोन हात आहेत, तुझा आणि माझा. आईचा एक टाका नाही. तज्ज्ञाला हे कधी कळेल ते कळेल, मला ते रोज कळतं.

तुझ्या भाऊजींचं पारपत्र काढून घेतलं आहे, कामावर सध्या येऊ नका म्हणून सांगितलं आहे. ते तुझ्याबद्दल एक वाईट शब्द बोलले नाहीत. मला एवढंच विचारलं, "तुला कधी कळलं?" मी खरं सांगितलं. तेव्हापासून आमचं बोलणं कामापुरतं आहे. मी त्यांच्यावर संशय घेतला होता हेही त्यांना सांगून टाकावं असं वाटतं, पण धीर होत नाही. आता ते माझ्याकडे तशा नजरेनं बघतात, आणि मला तक्रार करायला तोंड नाही.

तुला वाटत असेल की आईला खरोखरच काही माहीत नव्हतं. मलाही तसं वाटून घ्यायला आवडेल. पण ती त्या दिवशी बेल वाजल्यावर खुर्चीत का जाऊन बसली? उठू का, असं मला का विचारलं? गेल्या भेटीत काचेपलीकडून म्हणाली, "विमानात सीटवर तीच गादी घालून बसले होते, बाजूच्या बाईनं दोनदा नाक मुरडलं. मी म्हटलं, डांबरगोळ्या आहेत." मग विषय बदलून फोरमनच्या मुलीचं लग्न ठरलं का ते विचारलं. मी पुढे काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तिला उत्तर द्यावं लागलं असतं. तूही तिला कधी विचारू नकोस.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. आईनं मला शपथ घातली आहे की तुला यातलं काही कळवायचं नाही. म्हणाली, तो लहानपणापासून घाबरट आहे, त्याला सोसणार नाही. ती शपथ मी मोडते आहे. वकीलबाई म्हणतात, ज्यानं गादी भरली तो स्वतः येऊन म्हणाला की आईला मी काही कळू दिलं नव्हतं, तर तिच्या सुटकेची आशा आहे. मी सांगून तेवढा उपयोग नाही, मी तिची लेक आणि माझे टाके त्यात आहेत. तू सांगितलंस तर आहे. इथे येऊन सांगण्याची किंमत काय, हे तुला ठाऊक आहे, म्हणूनच तर तू त्या खुर्चीत स्वतः बसून आला नाहीस. पुढची सुनावणी महिनाअखेरीस आहे. त्या दिवशी मी कोर्टात उभी राहून तुझं नाव घेणार आहे, त्याचा उपयोग होवो न होवो, मग आमचं काय व्हायचं ते होवो. आई मला माफ करणार नाही, हे धरूनच चालले आहे. तिनं आत राहून मला माफ करण्यापेक्षा बाहेर येऊन जन्मभर माझ्याशी अबोला धरलेला मला चालेल. पण तुझं नाव माझ्या तोंडून निघण्याआधी तू स्वतः आलास, तर तिला निदान एवढं तरी म्हणता येईल की माझा मुलगा माझ्यासाठी आला होता. येणार असशील तर विमान कळव, मी दाराशी उभी असेन. येणार नसशील तर उत्तर लिहू नकोस. तुझ्या अक्षरात आणखी एक खोटं वाचायची ताकद माझ्यात उरलेली नाही.

काही झालं तरी तुझीच,
ताई